वाढप सुरू होण्याआधी

"बाई, परातीवरचा हात काढा. ती आता कोर्टाची हाय."

शिंगटे बेलिफ असं म्हणाला आणि मला हसूच आलं. मी म्हटलं, "कोर्टानं हिच्यात कधी कणीक मळलीय का? आम्ही बायका हिला म्हैस म्हणतो. एकदा बसली की दोघींच्यानं उठत नाही."

शिंगट्याला थट्टेचं वावडं होतं. त्यानं हातातली यादी बघितली, परातीच्या काठावर खडूनं आकडा टाकला आणि पुढच्या पातेल्याकडे वळला. इंगवल्यांच्या मंगल कार्यालयाच्या अंगणात सगळी भांडी ओळीनं मांडली होती. पातेली, कढया, घंगाळं, झारे, पलीकडे खुर्च्यांची चवड आणि ताडपत्रीखाली जनरेटर. बाराला लिलाव होता. ते साल चौऱ्याण्णव, महिना वैशाखाचा. लग्नसराईत त्या अंगणात मी पहिल्यांदाच अशी रिकामी उभी होते.

इंगवल्यांचं काम मोठं झोकात चालायचं. हॉल, मांडव, आचारी, बँड, पोळ्या, सगळं एकाच पावतीत. मुलीचा बाप एकदा पैसे मोजायचा आणि सुटायचा. अडकायचो आम्ही. पोळ्यांचं काम माझ्याकडे होतं. माझ्या हाताखाली सहाजणी, मी सातवी. एक्याण्णव सालच्या सगळ्या सराईचे आमचे एकवीस हजार इंगवल्यांनी ठेवून घेतले. पाडव्याला देतो, दिवाळीला देतो, असं करत त्यांनी आम्हाला अख्खं पंचांग फिरवून आणलं. शेवटी मी दावा लावला. दोन वर्षांनी निकाल लागला आणि एकवीस हजारांचा हुकूमनामा माझ्या हातात पडला.

मला वाटलं, झालं. पण हर्डीकर वकील म्हणाले, "आता खरं काम सुरू. त्याच्या नावावर काय आहे ते शोधून काढा." इमारत बायकोच्या नावावर निघाली, जीप चुलतभावाच्या. इंगवल्यांच्या स्वतःच्या नावावर भांडीकुंडी, खुर्च्या, जनरेटर आणि मिशा एवढंच होतं. मिशांची जप्ती होत नाही म्हणून मी बाकीच्याची आणली. कोर्टात वसुलीची दरखास्त दिली, बेलिफाचा भत्ता भरला, सहा खेपा घातल्या.

त्या एकवीस हजारांतले अठरा हजार सहाजणींचे होते. दावा मात्र माझ्या एकटीच्या नावावर होता, आणि तिथंच घात झाला. बँडवाल्या हैदर मास्तरनं एका लग्नात चारचौघांत सांगितलं, "अनसूयाबाईचे पैसे कवाच मिळाले. इंगवल्यांनी तिच्या हातात जाडजूड पाकीट दिलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय." गोष्ट आठ दिवसांत गावभर झाली. नवव्या दिवशी त्या सहाजणींतली हौसा माझ्या दारात उभी राहिली. अकरा वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसून पोळ्या लाटल्या होत्या. तिच्या लाटण्याच्या आवाजावरून मला कळायचं तिचं काय बिनसलंय ते.

ती म्हणाली, "अनू, खाल्लेस का गं?"

मी काही बोलले नाही.

"न्हाई म्हण नुसतं. मी ऐकते."

मी नाही म्हटलं नाही. हौसानं मला असं विचारावं, ह्याचाच मला इतका संताप आला होता की तोंडातून शब्द फुटेना. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या सहाजणी दुसऱ्या बाईबरोबर कामाला जाऊ लागल्या. तेव्हापासून मी बारशा-डोहाळजेवणाच्या पोळ्या एकटीच लाटत होते. मला फक्त त्या सहाजणींच्या हातावर अठरा हजार ठेवायचे होते. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

साडेदहाला हर्डीकरांचा कारकून सायकल हाणत आला. "बाई, साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

मी फाटकातून बाहेर पडत होते तेव्हा हौसा आत येत होती. आम्ही एकमेकींना बघितलं. "लिलाव बघावा म्हटलं," ती म्हणाली, पण माझ्याशी नव्हे, फाटकाशी.

हर्डीकर कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसले होते. त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला.

"विलास कोण, ओळखता?"

"इंगवल्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ."

"त्यानं काल संध्याकाळी दरखास्त दिली. व्याज धरून एक लाख पाच हजारांची. इंगवल्यांना रोख लाख रुपये उसने दिले होते म्हणे. मेहुण्यानं दावा लावला, इंगवल्यांनी कोर्टात येऊन मान खाली घालून कबूल केलं, महिन्याभरात हुकूमनामा."

"मग? जप्ती माझी हाय."

"जप्ती तुमची, पण पैसे तुमच्या एकटीचे नाहीत." हर्डीकरांनी चष्मा काढून पुसला. वाईट बातमी सांगताना ते नेहमी चष्मा पुसायचे. "दिवाणी कायद्यात कलम आहे, त्र्याहत्तर. लिलावाचे पैसे कोर्टाच्या हातात पडायच्या आधी ज्यांनी ज्यांनी त्याच माणसाविरुद्ध इथे दरखास्त दिली असेल, त्या सगळ्यांना ते वाटायचे. ज्याचा जेवढा हुकूमनामा, त्याला त्या मानानं."

"आणि मी घातलेल्या खेपा? भरलेला भत्ता?"

"लिलावाचा खर्च आधी वजा होऊन तुम्हाला मिळेल. पण पहिली आलात म्हणून पहिला मान नाही."

मी त्या बाकावर बसले. माझ्या डोक्यात कलम काही शिरेना. मग एकदम शिरलं.

"म्हणजे पंगतच की. वाढप सुरू व्हायच्या आत जो पाटावर बसला, त्याला वाढायचं. मग त्यानं चूल पेटवलेली असू दे नाहीतर नुसता हात धुऊन आलेला असू दे."

हर्डीकर म्हणाले, "तीस वर्षं वकिली करतोय, इतकं सोपं मला सांगता आलं नाही. फरक एवढाच, की इथे भुकेच्या मानानं वाढतात."

"आणि ह्याची भूक खोटी."

"ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्या कागदावर कोर्टाचा शिक्का आहे. दरखास्तीत कोर्ट हुकूमनामा उकरून बघत नाही. भांड्यांचे चाळीसएक हजार येतील असं धरा. मेहुणा नसता तर तुमचे एकवीस पुरे मिळाले असते. आता पावणेसात मिळतील. तेहतीस हजार त्याच्या घशात, म्हणजे फिरून इंगवल्यांच्याच घरात."

पावणेसात हजार. सहाजणींत वाटले तर प्रत्येकीला हजार-अकराशे. आणि मग गावानं म्हणायचं, बाकीचे बाईनं ठेवून घेतले. 

"हैदर मास्तरचे बँडचे पैसे पण इंगवल्यांकडेच अडकलेत. त्याच्या बाजूनं निकाल लागलाय ना?" मी विचारलं.

"लागलाय. एकोणचाळीस हजारांचा. दीड वर्ष झालं. पण त्यानं दरखास्त दिलेली नाही. आणि हे बघा, तुम्ही त्याची आठवण काढू नका. तो पंगतीला आला तर तुमच्या पावणेसातचे पाच होतील."

"आणि विलासचे?"

त्यांनी कागदाच्या पाठीवर हिशेब केला. "आठएक हजारांनी कमी होतील. पण पंचवीस तरी मिळतीलच. अनसूयाबाई, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा नसतो."

"नाक माझंच हाय ना? दरखास्तीचा कोरा फॉर्म कुठं मिळतो?"

हर्डीकरांनी चष्मा परत लावला. "मी तुमचा वकील आहे, त्याचा नाही. पण झाडाखाली मोकाशी टायपिस्ट बसतो, त्याच्याकडे फॉर्म असतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. बरोबर हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल लागते. आणि बेलिफाच्या हातात पहिला रुपया पडायच्या आत दरखास्त कोर्टात गेली पाहिजे. नंतर आलेल्याला उष्टंसुद्धा मिळत नाही."

व्हरांड्यातल्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

हैदर मास्तरची खोली एसटी स्टँडच्या मागे होती. मास्तर उंबऱ्यात बसून चिंचेनं कर्णा घासत होता. मला बघून त्याचा हात थांबला. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"मास्तर, तुमचा हुकूमनामा कुठाय?"

त्यानं अभिमानानं भिंतीकडे बोट केलं. दोन बिल्ल्यांच्या मधोमध, सोनेरी चौकटीत, काचेच्या आत हुकूमनामा टांगलेला होता. वर झेंडूचा वाळका हारसुद्धा होता.

"धूळ लागू दिली न्हाई बघा," मास्तर म्हणाला.

"आणि पैसे?"

"येतील की. कोर्टानं हुकूम केलाय म्हणल्यावर जातात कुठं? सरकारी काम हाय, येळ लागतोच."

दीड वर्ष हा माणूस वाट बघत होता. त्याला वाटत होतं, कोर्टच इंगवल्यांकडून पैसे काढणार आणि पोस्टानं पाठवणार. पोस्टमन गल्लीत दिसला की तो त्याला हाक मारून चहा पाजायचा, हे मला नंतर कळलं. हसावं की रडावं असा प्रकार. पण हसायला मी कोण? हर्डीकर नसते तर माझाही हुकूमनामा देव्हाऱ्यात हळद-कुंकू खात बसला असता.

"मास्तर, कोर्ट पत्ता शोधत येत नाही. निकाल म्हणजे नुसतं आवतण. पाटावर आपणच जाऊन बसायचं असतं. आज बाराला इंगवल्यांच्या भांड्यांचा लिलाव हाय. त्याच्या आत अर्ज दिलात तर वाटा मिळंल. न्हाई दिलात तर हा कागद काचेतच ऱ्हाईल."

मास्तरनं कर्णा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत संशय आला. "तुम्ही का सांगताय? तुमचा काय फायदा?"

"तोटा हाय. दीड हजाराचा."

"मग?"

"मग काय? उठा. चौकशी मागनं करा."

तो उठला. चौकट खाली काढली, खिळे उपटायला लागला. खिळे हलेनात. घड्याळ चालत होतं. मी म्हटलं, "मास्तर, फोडा." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि ढोलाच्या टिपरीनं काच फोडली. अंगठा कापला, तरी कागदावर रक्त पडू नये म्हणून हात लांब धरला. पण पुढं आणखी एक घोळ होता. चौकटवाल्यानं हुकूमनामा खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवला होता. एक कोपरा सोडवायला गेलो तर शिक्काच फाटायला लागला.

"राहू दे," मी म्हटलं. "पुठ्ठ्यासकट चला."

तो सायकलवर बसला, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर पुठ्ठा. चव्वेचाळीस वर्षांची बाई, बँडवाल्याच्या सायकलवर, भर बाजारातून. गावाला बोलायला आणखी एक विषय मिळाला. म्हटलं, बोला बापडे, एवढ्यात काय होतंय.

मोकाशी टायपिस्टकडे दोन माणसं आधी बसली होती. मी त्यांना सांगितलं, "भाऊ, बारा वाजता पैसे बुडतायत." ती बिचारी बाजूला सरकली. फॉर्मात रकाने होते. निकाल कधी, रक्कम किती, आजवर काही मिळालं का, कशावर जप्ती मागता. मोकाशी एकेक रकाना वाचून विचारायचा आणि मास्तर दरवेळी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. सही करताना मात्र त्यानं घाई केली नाही. एकेक अक्षर घोटून काढलं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते.

आतल्या खिडकीतला कारकून पुठ्ठा बघून म्हणाला, "हे काय आणलंय?"

"हुकूमनामा."

"पुठ्ठ्यासकट?"

"पुठ्ठा चालत न्हाई असं कुठं लिहिलंय का, साहेब?"

त्यानं शिक्का तपासला, सही तपासली, पुठ्ठा उलटा करून बघितला. मग दरखास्तीवर तारखेचा शिक्का मारला.

"तारखेखाली वेळ लिहा," मी म्हटलं.

"वेळ कोण लिहितं?"

"आज लिहा. घड्याळ बघून."

मागून हर्डीकरांचा आवाज आला, "लिहा हो, काय बिघडतं?" कारकुनानं वर बघितलं आणि लिहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

 लिलाव बाराचा होता. दहा मिनिटांत एक पातेलं जरी विकलं गेलं असलं तरी विलासचा वकील तेवढं धरून बसला असता. मी पदर खोचला आणि कार्यालयाकडे पळत सुटले. पोचले तर अंगणात गलका चालला होता. मध्ये कमरेवर हात ठेवून हौसा उभी होती, आणि तिच्यासमोर शिंगटे बेलिफ घामाघूम.

"यादीत काय लिहिलंय? सोळा पातेली झाकणांसकट. व्हय का न्हाई?" हौसा विचारत होती. "मग मोजा की. झाकणं चौदाच हायती. बिनझाकणाचं पातेलं कोण घेणार, आणि घेतलं तर झाकणासकटच्या भावानं घेणार का?"

एक भांडीवाला व्यापारी म्हणाला, "बरोबर बोलत्यात बाई. मी आधी झाकणं बघणार, मग बोली लावणार."

"मग गेली कुठं दोन झाकणं?" शिंगटे ओरडला. "जप्तीच्या वेळी मी स्वतः मोजलीत!"

"गच्चीवर बघा की," हौसा म्हणाली. "तिथं पालथी घालून पापड वाळवायची जागा हाय. इंगवलीण बाईंनी परवा न्हेली आसतील."

शिंगट्याचा माणूस गच्चीवर गेला. झाकणं सापडली, पापडासकट. पापड काढून इंगवलीण बाईंना परत द्यावे लागले, कारण पापडांची जप्ती नव्हती. शिंगट्यानं कपाळ पुसलं आणि बोली पुकारली. पहिले पैसे त्याच्या हातात पडले तेव्हा बारा पंचवीस झाले होते. तसं त्यानं आपल्या अहवालात लिहूनच दिलं, झाकणांच्या वादामुळे लिलावास विलंब झाला म्हणून.

हौसानं मला बघितलं. माझा पदर खोचलेला, केस सुटलेले. ती फाटकातून निघून गेली. पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, मुद्दाम अडवून धरलंस का? ती म्हणाली, "मला काय ठावं तुझं कोर्ट? मोजमाप चुकलं की मला ऱ्हावत न्हाई." हे मात्र खरं होतं. पोळ्या मोजतानाही ती अशीच भांडायची.

म्हैस एका परगावच्या आचाऱ्यानं नेली. टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. खर्च वजा जाता बरोबर चाळीस हजार कोर्टात जमा झाले.

वाटपाची तारीख महिन्यानं लागली. विलास काळा चष्मा लावून आला होता. हैदर मास्तर बँडचा लाल कोट घालून आला, कारण त्याच्याकडे तेवढा एकच धड कोट होता. व्हरांड्यात बाकावर आम्ही पुकाऱ्याची वाट बघत बसलो होतो. मास्तर काही वेळानं हर्डीकरांना म्हणाला, "साहेब, ह्या विलासनं लाख रुपये दिले कवा?"

हर्डीकरांनी कागद बघितला. "एक्याण्णवची अक्षय्य तृतीया. दुपारी, रोख, कार्यालयात."

मास्तर हसायला लागला. कोटाची बटणं हलेपर्यंत हसला. "साहेब, त्या दिवशी तर विलास माझ्याकडं झांजा वाजवत हुता! तेरा लग्नं हुती, माणसं कमी पडली म्हणून इंगवल्यांनीच त्याला माझ्याकडं धाडला. चाळीस रुपये रोजानं. दुपारी मारुतीच्या पारावर त्याची चप्पल तुटली, तर वीस रुपये उचल मागितली माझ्याकडं. माझ्या वहीत त्याची सही हाय."

 हर्डीकरांना मी पहिल्यांदाच मनापासून हसताना बघितलं. ते उठले, विलासपाशी गेले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "विलासराव, आज तुम्ही पैसे जरूर घ्या. कायदा आड येणार नाही. पण आम्ही लगेच वेगळा दावा लावू. मग तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं लागेल, की दुपारी लाख रुपये देणाऱ्या माणसाची त्याच दुपारी चप्पल कुणी शिवून दिली."

विलासनं काळा चष्मा काढला. मग तो, त्याचा वकील आणि इंगवले तिघं झाडाखाली गेले. बराच वेळ हातवारे चालले. जेवणाच्या सुट्टीआधी विलासनं लेखी पुरसीस दिली, की माझे पैसे मला बाहेरच पोचले, मला दरखास्त चालवायची नाही.

पंगतीत आम्ही दोघंच उरलो. माझी भूक एकवीस हजारांची, मास्तरची एकोणचाळीसची. साठ हजारांच्या भुकेला चाळीस हजारांचं अन्न. न्यायाधीशांनी रुपयाला दोन तृतीयांश ह्या मानानं वाटून दिलं. मला चौदा हजार, मास्तरला सव्वीस.

कोर्टाच्या पायरीवर मास्तर थांबला. "बाई, त्या दिवशी म्हणालात, चौकशी मागनं करा. आता सांगा. मी तुमच्या नावानं गावभर काय काय बोललो, तुम्हाला ठावं होतं. तरी तोटा सोसून मला का बोलावलंत?"

मी त्याला म्हटलं, "मास्तर, ते पाकीट आठवतंय? इंगवल्यांनी मला दिलेलं?"

"आठवतंय की."

"त्यात पैसे नव्हते. चार पानी पत्र होतं. 'आपले एकवीस हजार दिवाळीपूर्वी नक्की देतो', खाली सही. त्याच पत्रावर मी दावा जिंकले."

मास्तर अंगठ्यावरचा काचेचा व्रण चोळत राहिला.

"तुम्ही सांगत होता, मी दुसऱ्यांचे पैसे खाल्ले. त्या दिवशी मी गप बसले असते तर तुमचे खाल्ले असते. मग तुमचं बोलणं खरं झालं असतं. माझ्या तोंडानं मी हौसाला कधी न्हाई म्हटलं नव्हतं. म्हटलं, निदान हातानं तरी म्हणावं."

 त्या संध्याकाळी मास्तर लाल कोट घालून सहाजणींच्या दारी जाऊन आला. काय बोलला ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी सहाजणींना जेवायला बोलावलं. येतील की नाही, ह्याची मला धास्ती होती. सहाच्या सहा आल्या. मी पाट मांडले, पत्रावळी मांडल्या आणि प्रत्येकीच्या पानात, जिथं आधी मीठ वाढतात, तिथं एकेक पाकीट ठेवलं.

"प्रत्येकीचे तीन हजार होते," मी म्हटलं.  "तेवढे देता येत न्हाईत. चौदा हजार आले, ते सगळे ह्या सहा पाकिटांत हायत. प्रत्येकीला तेवीसशे तेहतीस. वरचे दोन रुपये देवापुढं ठेवलेत. कमी पडले त्याची मला लाज वाटते."

कुणी पाकिटाला हात लावला नाही. हौसा पाटावर बसली होती. ती मोजत होती. एकदा पानं मोजली, परत मोजली.

"पानं सहाच कशी?" ती म्हणाली. "आपण सातजणी."

"वाढणारी शेवटच्या पंगतीला बसते."

"आणि शेवटच्या पंगतीला काय उरलंय तुझ्या टोपात?"

मी हातातला डाव टोपात फिरवला. ती म्हणाली, "कोर्टात काय झालं ते मास्तरनं सांगितलंय मला. ज्याची जेवढी भूक, तेवढं वाढप. मग तुझी भूक काय आमच्यापेक्षा कमी हुती का? तीन हजार तुझे बी हुते."

तिनं आपलं पाकीट उघडलं, दोन हजार मोजून ठेवले आणि वरचे तीनशे तेहतीस पाटासमोर जमिनीवर ठेवले. शेजारणीकडे बघितलं. शेजारणीनंही तसंच केलं. मग तिच्या शेजारणीनं. हौसा गुडघ्यावर हात टेकून उठली, देवापुढचे दोन रुपये घेऊन आली, सगळे पैसे गोळा केले आणि नेहमीसारखे दोनदा मोजले.

"दोन हजाराला बरोबर झाले," ती म्हणाली. तिनं कोनाड्यातली सातवी पत्रावळ घेतली, आपल्या समोर मांडली, पैसे मिठाच्या जागी ठेवले आणि माझ्या हातातला वाढायचा डाव काढून घेतला.

"त्या दिवशी न्हाई का म्हणाली न्हाईस गं?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"तू विचारलंसच का?" मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

"चुकलं माझं," हौसा म्हणाली. "बस आता. भात निवतोय."

मी खाली बसले. तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते, तरी बसायला मला वेळ लागला. हौसानं आधी मीठ वाढलं.